मुंबईत डूला नेमताना : शुल्क, सेवा आणि आधी विचारून घ्यायच्या गोष्टी

बाळंतपणासाठी डूला (प्रसूतीच्या वेळी सोबत करणारी प्रशिक्षित व्यक्ती) नेमण्याचा विचार निघाला की बहुतेक घरांत पहिला प्रश्न पैशांचा येतो. रुग्णालयाचे पॅकेज, सोनोग्राफी, औषधे आणि बाळाच्या लसी यांच्या खर्चात आणखी एक मोठी रक्कम वाढणार असते, त्यामुळे तो प्रश्न येणे स्वाभाविकच आहे. तरीही क्रम थोडा बदलावा, असे मी आग्रहाने सुचवीन. तुमच्या रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात डूलाला प्रवेश मिळतो का, हे सर्वांत आधी विचारावे. तिच्याकडून आपल्याला नेमके काय हवे आहे, हे नंतर ठरवावे. आणि मगच शुल्काची बोलणी करावीत. ज्या सोबतीसाठी आपण पैसे मोजतो तीच दारात अडली, तर करारातील बाकीच्या कलमांना फारसा अर्थ उरत नाही.

डूला काय करते, काय करत नाही

डूला ही प्रसूतीच्या काळात स्त्रीला सतत सोबत देणारी, त्यासाठी प्रशिक्षण घेतलेली, पण वैद्यकीय उपचार न करणारी व्यक्ती असते. रक्तदाब मोजणे, बाळाच्या हृदयाचे ठोके तपासणे, गर्भपिशवीचे तोंड किती उघडले आहे हे आतून तपासणे, औषध किंवा इंजेक्शन देणे, प्रसूती करणे, यांपैकी एकही काम तिच्या कक्षेत येत नाही. डूलांना प्रशिक्षण देणाऱ्या ‘डोना इंटरनॅशनल’सारख्या संस्थेने, जी १९९२ पासून काम करते आहे, आपल्या नियमांत ही मर्यादा स्पष्ट घातलेली आहे. म्हणूनच घरीच बाळंतपण करू, डॉक्टरांची गरज नाही, मी आहे ना, असे कोणी डूला म्हणवून घेणारी व्यक्ती सांगू लागली, तर तेथेच बोलणे थांबवावे.

मग तिचे काम कोणते? कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत ती त्या स्त्रीजवळ थांबते. रुग्णालयातील परिचारिकेला एकाच वेळी अनेक रुग्ण सांभाळावे लागतात, डॉक्टर तपासणीपुरते येऊन जातात, कामाची पाळी संपली की चेहरे बदलतात. डूला मात्र बदलत नाही. कळ येते तेव्हा कमरेच्या अगदी खालच्या भागावर तळव्याने घट्ट दाब देणे, दोन्ही बाजूंनी कंबर आवळून धरणे, गरम पाण्याच्या पिशवीने शेक देणे, श्वास लांब सोडायला लावणे, दोन कळांच्या मधल्या वेळात चालवणे, मोठ्या चेंडूवर बसवणे, कुशीवर वळवून पायांमध्ये उशी देणे, घोटघोट पाणी पाजणे, तासा-दीड तासाने लघवीला जाण्याची आठवण करणे, ही कामे ऐकायला साधी वाटतात. रात्री तीन वाजता, पंधरा तास कळा सोसून झालेल्या आणि ‘आता माझ्याने होणार नाही’ असे म्हणणाऱ्या पहिलटकरणीला तीच कामे तग धरायला मदत करतात. याशिवाय डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट साध्या मराठीत पुन्हा समजावणे आणि नवऱ्याला किंवा आईला काय करायचे ते दाखवून देणे हाही तिच्या सेवेचाच भाग असतो. निर्णय मात्र ती घेत नाही आणि तुमच्या वतीने डॉक्टरांशी वादही घालत नाही. ‘याला दुसरा पर्याय आहे का, थोडे थांबता येईल का, थांबल्यास धोका कोणता, हे तुम्हाला डॉक्टरांना विचारायचे आहे का?’ इतके विचारून ती तुम्हाला बोलते करते.

एपिड्युरल (कळांची वेदना कमी करण्यासाठी पाठीच्या कण्याजवळ दिले जाणारे औषध) घेतले म्हणजे डूलाची गरज संपली, हा समज चुकीचा आहे. कमरेखालच्या भागाची संवेदना कमी झालेल्या स्त्रीला ठरावीक वेळाने कूस बदलायला मदत करणे आणि तिला झोप मिळेल असे वातावरण ठेवणे हे काम तेव्हाही उरतेच. सिझेरियन झाले तर शस्त्रक्रियागृहात तिला सहसा प्रवेश नसतो. पण त्या वेळात बाहेर बसलेल्या घरच्यांना धीर देणे आणि नंतर टाके दुखत असताना बाळाला अंगावर कसे घ्यावे हे दाखवणे, यासाठी ती थांबते की नाही, हे आधीच विचारून ठेवावे.

या सोबतीचा उपयोग कितपत होतो, याबद्दल बऱ्यापैकी अभ्यास झालेला आहे. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांचा सहभाग असलेला ग्वाटेमालातील अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला आणि प्रसूतीत सोबत असण्याच्या परिणामांकडे वैद्यकीय जगाचे लक्ष गेले. २०१७ मध्ये वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १७ देशांतील २६ अभ्यास आणि १५,००० हून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा ज्यांना सतत सोबत मिळाली त्यांच्यात नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक, सिझेरियनचे कमी आणि कळांचा काळ काहीसा कमी आढळला. बाळंतपणाची कटू आठवण घेऊन घरी जाणाऱ्या स्त्रियाही त्यांच्यात कमी होत्या. सिझेरियनचे प्रमाण कमी होण्यात डूलाच्या भूमिकेतील सोबत सर्वांत परिणामकारक दिसली. अर्थात हा परिणाम अनेक स्त्रियांच्या सरासरीवरून काढलेला आहे. तुमच्या बाळंतपणाची हमी त्यातून मिळत नाही. ‘माझ्याबरोबर शंभर टक्के नॉर्मल’ अशी जाहिरात करणाऱ्या व्यक्तीपासून म्हणूनच दूर राहावे. बाळ आडवे असेल, वार गर्भपिशवीच्या तोंडावर आलेली असेल किंवा बाळाचे ठोके सतत घसरत असतील, तर बहुधा सिझेरियन हाच सुरक्षित मार्ग असतो, आणि कमर दाबून त्यात फरक पडत नाही.

खासगी रुग्णालयांतील सिझेरियनच्या प्रमाणामुळे अनेक जोडपी डूलाकडे वळतात, हे खरे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील एकूण बाळंतपणांपैकी २१.५ टक्के सिझेरियनने झाली. सरकारी संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी संस्थांत ४७.४ टक्के होते. पण ही चिंता असेल, तर तिची पहिली चर्चा प्रसूतितज्ज्ञांशीच करायला हवी. ज्या डॉक्टरांवर आपला विश्वासच बसलेला नाही, त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी डूला नेमणे हा चुकीचा उपाय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा वेळी डॉक्टर बदलावेत, आणि तेही सातवा महिना संपण्याआधी.

प्रसूतिकक्षाचे दार

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक स्त्रीला प्रसूतीच्या संपूर्ण काळात तिच्या पसंतीची सोबत मिळावी, अशी शिफारस केली आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी देण्याच्या सूचना काढल्या आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या, सरकारी रुग्णालयांतील प्रसूतिसेवा सुधारण्यासाठीच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही या सोबतीला स्थान दिले. मात्र सरकारी व्यवस्थेत ही सोबतीण म्हणजे घरातील किंवा नात्यातील स्त्री, असेच गृहीत धरलेले असते. परळचे केईएम, सायनचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर यांसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत एकाच कक्षात अनेक स्त्रिया असतात, त्यामुळे इतर स्त्रियांच्या खासगीपणासाठी पुरुषांना आत सोडले जात नाही आणि सोबतिणीसाठीही जागा मोजकीच असते. तेथे मोबदला घेऊन येणाऱ्या डूलाला प्रवेश मिळेल, असे धरून चालू नये.

खासगी रुग्णालयांत प्रत्येकाचा नियम वेगळा असतो. काही ठिकाणी नवरा आणि डूला दोघांनाही आत राहता येते. काही ठिकाणी एकालाच, मग तो कोण हे तुम्ही ठरवायचे. काही ठिकाणी दोघांनी आळीपाळीने आत यावे लागते. आणि काही ठिकाणी बाहेरच्या डूलाला मनाई असते. म्हणून हा प्रश्न तीन ठिकाणी विचारावा. पहिल्यांदा तुमच्या डॉक्टरांना, कारण त्यांचीच तयारी नसेल तर नियम अनुकूल असूनही उपयोग होत नाही. दुसऱ्यांदा प्रसूतिकक्षाच्या प्रमुख परिचारिकेला, कारण रात्री दोन वाजता दारात त्यांच्याच हाताखालची मंडळी असतात. तिसऱ्यांदा रुग्णालयाच्या प्रशासनाला, आणि तेथून होकार लेखी घ्यावा. साध्या ईमेलचे उत्तरही पुरते, फक्त त्याची छापील प्रत फाइलमध्ये ठेवावी. डॉक्टरांनी ‘हो हो, बघू तेव्हा’ असे म्हटले, तर त्याला होकार समजू नये.

एकालाच आत जाता येत असेल, तर घरात मोकळेपणाने बोलून घ्यावे. नवऱ्याने जवळ असावे अशी त्या स्त्रीची मनापासून इच्छा असेल, तर डूलाकडून प्रसूतीपूर्वीच्या तीन-चार भेटींतच दोघांना सराव करून घ्यावा आणि प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी ती फोनवर उपलब्ध राहील, अशी कमी शुल्काची व्यवस्था विचारावी. अनेक डूला अशी सेवा देतात.

येथे आणखी एक गोष्ट तपासावी. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडची रीत अजून टिकून आहे. सातव्या-आठव्या महिन्यात साताऱ्याला, कोल्हापूरला किंवा नाशिकला जायचे ठरत असेल, तर मुंबईतल्या डूलाला आगाऊ रक्कम देण्यात अर्थ नाही. डोहाळजेवणापर्यंत हा निर्णय पक्का झालेला असला म्हणजे पुढचे सगळे सोपे जाते.

शुल्क किती आणि कशाचे

मुंबईत प्रसूतीच्या पूर्ण सोबतीचे शुल्क सर्वसाधारणपणे २०,००० ते २५,००० रुपयांपासून सुरू होते, आणि अनुभवी डूलांच्या बाबतीत ते ७५,००० रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही पुढे जाऊ शकते. या व्यवसायासाठी सरकारने ठरवलेला दर नाही आणि भारतात डूलांची नोंदणी करणारी वैधानिक परिषदही नाही; त्यामुळे शुल्क ठरते ते अनुभवावर, मागणीवर, तुमचे रुग्णालय किती दूर आहे यावर आणि पॅकेजमध्ये काय काय धरले आहे यावर. आरोग्य विम्यात बाळंतपणाचा खर्च समाविष्ट असला, तरी डूलाचे शुल्क सहसा त्यात बसत नाही. म्हणून ही रक्कम स्वतःच्या खिशातून जाणार, असेच धरून तरतूद करावी.

पूर्ण पॅकेजमध्ये बहुतेक वेळा पुढील गोष्टी येतात. प्रसूतीपूर्वी दोन ते चार भेटी होतात, त्यांत श्वासाचा आणि वेगवेगळ्या स्थितींचा सराव, तुमच्या इच्छा लिहून काढणे आणि शंकानिरसन असते. मधल्या काळात फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर प्रश्नोत्तरे चालतात. अडतिसाव्या आठवड्यापासून बाळंतपण होईपर्यंत ती चोवीस तास हाकेला तयार राहते. प्रसूतीच्या वेळी प्रत्यक्ष सोबत देते. आणि घरी आल्यावर एक-दोनदा भेटायला येते. यांतील ‘हाकेला तयार राहणे’ हा भाग बिलावर दिसत नाही, पण शुल्काचा मोठा हिस्सा त्याचाच असतो.

हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, ठरलेले शुल्क ४०,००० रुपये आहे. प्रसूतीपूर्वीच्या दोन-दोन तासांच्या तीन भेटींचे ६ तास, प्रत्यक्ष सोबतीचे १८ तास आणि नंतरच्या दोन भेटींचे ४ तास धरले, तर एकूण २८ तास होतात आणि तासाला साधारण १,४३० रुपये पडतात. आकडा मोठा वाटतो. पण त्या चार आठवड्यांत डूलाला गावी जाता येत नाही, फोन बंद ठेवता येत नाही, एकाच सुमारास तारखा असलेल्या अनेक स्त्रियांचे काम स्वीकारता येत नाही. आणि कळा १८ तासांऐवजी ३० तास चालल्या तरी उठून जाता येत नाही. पहिल्या बाळंतपणात गर्भपिशवीचे तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यानंतरचा काळही बारा तासांपर्यंत जाऊ शकतो, आणि त्याआधीच्या मंद कळांच्या काळाला तर ठरावीक मर्यादाच नाही. या दृष्टीने पाहिले म्हणजे शुल्क कशाचे आहे ते कळते, आणि एकाच महिन्यात सात-आठ बाळंतपणे घेणारी स्वस्त डूला आपल्या वेळेला मोकळी असेल का, अशी रास्त शंकाही मनात येते.

पॅकेजच्या बाहेर कोणते पैसे लागतील, हे स्पष्ट विचारावे. रात्रीच्या टॅक्सीचे भाडे, ठरावीक तासांनंतर लागणारा वाढीव दर, ऐनवेळी बदली डूला आली तर तिचे शुल्क, मालिशचे तेल किंवा चेंडू यांची किंमत, या रकमा शेवटी एकत्र येऊन अंगावर पडतात. कळा औषधाने सुरू करायच्या असतील, तर दोन-दोन दिवस रुग्णालयात जाऊ शकतात. अशा वेळी डूला पहिल्या गोळीपासून थांबते की कळा जोर धरल्यावर येते, यावरून तासांचा हिशेब बराच बदलतो.

पैसे हप्त्यांनी द्यावेत. करार करताना काही आगाऊ रक्कम, छत्तीसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात दुसरा हप्ता आणि उरलेली रक्कम प्रसूतीनंतर, ही पद्धत दोन्ही बाजूंना योग्य वाटते. सगळी रक्कम आधीच मागितली, तर नम्रपणे नकार द्यावा. प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी आणि शक्यतो बँकेमार्फत पैसे द्यावेत, कारण पैसे देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी राहिली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार करता येते आणि त्या वेळी कागदच कामाला येतो.

दर खाली आणण्यासाठी घासाघीस करण्यापेक्षा पॅकेज लहान करून मागावे. गरोदर पोटावर रंगवून घ्यायचे चित्र, छायाचित्रण, भेटवस्तूंची पेटी आणि ‘चोवीस तास चॅट’ यांसारख्या गोष्टी वगळल्या तरी काहीच अडत नाही. पैसे मोजकेच असतील, तर ते प्रत्यक्ष कळांच्या वेळच्या सोबतीसाठी राखून ठेवावेत. नुकतेच प्रशिक्षण पूर्ण केलेल्या आणि प्रमाणपत्रासाठी काही बाळंतपणांचा अनुभव घेत असलेल्या डूला बऱ्याच कमी शुल्कात, कधी फक्त प्रवासखर्चावरही येतात. अशी डूला शांत स्वभावाची आणि आपली मर्यादा जाणणारी असेल, तर हा पर्याय मुळीच कमी प्रतीचा समजू नये.

मुलाखतीत काय विचारावे

पाचव्या-सहाव्या महिन्यात दोन-तीन डूलांना भेटावे. प्रमाणपत्र पाहावे, पण त्यावर फार वेळ घालवू नये. कोणत्या संस्थेचे प्रशिक्षण, किती बाळंतपणांत सोबत दिली आणि तुमच्या रुग्णालयात यापूर्वी आली आहे का, इतके पुरते. एक-दोन कुटुंबांशी त्यांच्या संमतीने फोनवर बोलता आले, तर फारच उत्तम.

मुंबईत खरा प्रश्न अंतराचा आहे, आणि तो विचारायला बहुतेक जण विसरतात. डूला डोंबिवलीला किंवा विरारला राहते आणि तुमचे रुग्णालय परळला किंवा गिरगावात आहे, तर मध्यरात्रीनंतरच्या दोन-तीन तासांत लोकल नसताना ती कशी येणार? तुमची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये असेल आणि हिंदमाता, सायन, अंधेरी सबवे पाण्याखाली असतील, तर ती कोणत्या मार्गाने पोहोचणार? अनंत चतुर्दशीच्या दिवशी लालबागपासून गिरगावपर्यंतचे रस्ते वाहनांना बंद असतात, तेव्हा काय करणार? ‘येईन हो, काळजी करू नका’ यापेक्षा नेमके उत्तर मागावे. मुसळधार पावसाचा इशारा असेल, तर आदल्या रात्रीच तुमच्या जवळपास मुक्कामाला येण्याची तयारी काही डूला दाखवतात. त्यासाठी थोडे जास्त शुल्क द्यावे लागले तरी मी ते योग्यच मानीन. शक्य असल्यास रुग्णालयाच्या त्याच बाजूला, म्हणजे मध्य रेल्वेच्या पट्ट्यात रुग्णालय असेल तर त्याच पट्ट्यात राहणारी डूला निवडावी.

बदली डूला कोण असेल, हेही विचारावे आणि तिला एकदा भेटून घ्यावे. आजारपण, दोन बाळंतपणे एकाच रात्री येणे किंवा डूलाच्या घरची अडचण यांपैकी काहीही घडू शकते. अनोळखी व्यक्ती कळांच्या मध्यावर आत आली, तर तिच्या हाताला सरावायला वेळ लागतो.

बोलताना तिच्या सुराकडेही लक्ष द्यावे. ती सिझेरियन झालेल्या स्त्रियांविषयी आदराने बोलते का? एपिड्युरल घ्यायचे ठरवले तर तिला चालेल का? सासूबाईंचे आणि तिचे मत वेगळे पडले तर ती काय करील? डॉक्टरांविषयी सतत तक्रार करणारी, गोळ्या बंद करायला सांगणारी, स्वतःचे तेल किंवा चूर्ण विकू पाहणारी, किंवा एखाद्याच रुग्णालयात नाव घालण्याचा आग्रह धरणारी डूला नेमू नये. उलट ‘हे मला सांगता येणार नाही, डॉक्टरांना विचारा’ असे निःसंकोच म्हणणारी डूला विश्वासार्ह समजावी.

करारात कोणती कलमे असावीत

करारपत्र एक-दोन पानांचे असले तरी चालते, पण ते लेखी असावे. भेटींची संख्या आणि प्रत्येक भेटीचा अवधी, हाकेला तयार राहण्याचा काळ कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, फोन केल्यावर किती वेळात पोहोचणे अपेक्षित आहे, बदली डूलाची व्यवस्था आणि हप्ते, इतके तर हवेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ठरल्याप्रमाणे न घडल्यास काय करायचे, हे लिहिलेले असावे. बाळ सदतिसाव्या आठवड्याआधीच आले, सिझेरियन आधीच ठरवावे लागले, प्रसूती इतकी झटपट झाली की डूला पोहोचेपर्यंत बाळ जन्माला आले, किंवा रुग्णालयाने ऐनवेळी प्रवेश नाकारला, तर किती रक्कम परत मिळेल? डूलाने वेळ राखून ठेवलेला असतो, त्यामुळे सगळे पैसे परत मागणे न्याय्य नाही. पण प्रसूतीच्या सोबतीचा हिस्सा परत मिळावा किंवा त्याऐवजी घरी येऊन अधिक भेटी द्याव्यात, ही अपेक्षा रास्त आहे. प्रसूतीची छायाचित्रे आणि वैद्यकीय माहिती तुमच्या लेखी संमतीशिवाय कोठेही टाकली जाणार नाही, हे कलम मात्र न विसरता घालून घ्यावे.

बाळंतपणानंतरची सेवा

प्रसूतीनंतर घरी येणारी डूला ही वेगळी सेवा असून तिचे शुल्क बहुधा तासावर किंवा दिवसावर आकारले जाते. बाळाला अंगावर नीट लावणे, बाळाच्या रडण्याचे आणि झोपेचे वेळापत्रक समजून घेणे, आईला आंघोळीला आणि झोपेला अवधी मिळवून देणे, हे तिचे काम. बाळ-बाळंतिणीला मालिश करणाऱ्या बाईंचे काम निराळे, आणि घरात स्वयंपाकपाणी, कपडे पाहणाऱ्या बाईंचे त्याहून निराळे. या तिघींच्या कामाची गल्लत झाली की वाद होतात आणि पैसेही दुहेरी जातात.

मराठी घरांत आई किंवा सासू सव्वा महिना जवळ असते, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू होतात, मालिशवाल्या बाई रोज येतात. अशा घरात पूर्णवेळ डूला ठेवण्याची गरज मला दिसत नाही; पहिल्या आठवड्यात स्तनपानासाठी दोन-तीन भेटी घेतल्या तरी पुरे होते. ज्या जोडप्याचे कोणीच येथे नाही, जुळी झाली आहेत, किंवा आधीच्या बाळंतपणात दूध पाजताना फार त्रास झाला होता, त्यांनी मात्र हा खर्च आनंदाने करावा. घरातल्या मोठ्यांशी डूलाचा मतभेद होण्याच्या जागा ठरलेल्या असतात: बाळाला मध चाटवणे, गुटी देणे, डोळ्यांत काजळ घालणे, बंद खोलीत शेगडी पेटवून शेक देणे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये आणि बंद खोलीत कोळशाचा धूर करू नये, याविषयी डॉक्टरांचे मत स्पष्ट आहे. हे बाळाच्या डॉक्टरांनीच आजीला समजावून सांगितले, तर घरातला ताण बराच कमी होतो.

डूला परवडत नसेल किंवा प्रवेशच नसेल तर

सरकारी रुग्णालयात बाळंतपण होणार असेल, तर खर्चाचे मुख्य ओझे तसेही हलके होते. जून २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियनसह प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त आणि रुग्णालयातील आहार मोफत मिळण्याची तरतूद आहे. अशा वेळी घरातलीच एखादी सोबतीण तयार करावी: बहीण, जाऊ, वहिनी किंवा मावशी. जी रक्त पाहून घाबरत नाही, कळा देणारीवर ओरडत नाही आणि ‘आमच्या वेळी तर’ असे सुरू करीत नाही, अशी स्त्री निवडावी; नाते किती जवळचे, हा मुद्दा दुय्यम. तिला कोणताही संसर्गजन्य आजार नसावा, तिने स्वच्छ कपड्यांत यावे, शेवटपर्यंत थांबावे, कर्मचाऱ्यांच्या कामात आणि इतर रुग्णांच्या बाबतीत पडू नये, या अटी पाळल्या तर दारात अडचण कमी येते.

या सोबतिणीने आणि गरोदर स्त्रीने आठव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा अर्धा तास सराव करावा. कमरेच्या खालच्या भागावर दाब कोठे आणि किती द्यायचा, श्वास सोडताना दोघींनी एका लयीत ‘हूऽऽ’ कसे म्हणायचे, कुशीवर कसे वळायचे, हे आधी हाताला बसलेले असले की ऐनवेळी आठवावे लागत नाही. यासाठी एखाद्या डूलाची एकच शिकवणी घेतली, तर संपूर्ण पॅकेजच्या अगदी लहान हिश्श्यात बराचसा लाभ मिळतो. मुंबईतील बहुसंख्य कुटुंबांसाठी हाच मार्ग सर्वांत व्यवहार्य आहे, असे मला मनापासून वाटते.

शेवटच्या आठवड्यांत

सदतिसाव्या आठवड्यात रुग्णालयाची फाइल, परवानगीच्या ईमेलची प्रत, डूलाचे ओळखपत्र आणि दोन्ही डूलांचे क्रमांक एकत्र ठेवावेत. कळा सुरू झाल्याची शंका आली की डूलाला कळवावे, मग ती लगेच निघो वा न निघो. परंतु अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, पाणमोट फुटून हिरवट किंवा दुर्गंधीचे पाणी येणे, तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येणे, ताप किंवा आकडी (फिट), यांपैकी काहीही दिसले तर डूलाची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डूलाला रस्त्यातूनच फोन करावा.

प्रसूतीनंतरच्या दोन भेटी करारात असतील, तर पहिली घरी आल्यावर तीन-चार दिवसांत आणि दुसरी दोन आठवडे उलटल्यावर ठेवावी. पहिल्या भेटीत मुख्यतः दूध पाजण्याकडे लक्ष द्यावे लागते. दुसरी भेट मुद्दाम उशिरा ठेवण्याचे कारण असे की, पहिल्या काही दिवसांतले रडू येणे आणि हळवेपणा बहुतेकींमध्ये दोन आठवड्यांत ओसरतो. तो त्यानंतरही टिकला, झोप लागेनाशी झाली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले किंवा जगू नये असे विचार येऊ लागले, तर हा मनाचा आजार असून त्यावर उपचार आहेत, आणि घरातल्या गर्दीत तो डूलाच्या नजरेला लवकर पडण्याची शक्यता अधिक असते. अशी शंका आल्यास त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांना कळवावे. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलिमानस या मोफत सेवेच्या १४४१६ क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतही बोलता येते, आणि तो क्रमांक नवऱ्याच्या फोनमध्येही आधीच नोंदवून ठेवावा.